अन्नदूषणनियंत्रण, आंतरराष्ट्रीय : डहाणू–तलासरीचा बोंबील

अन्न दूषित झाल्यामुळे एका देशात उद्‌भवलेला धोका दुसऱ्या देशात पोहोचू नये, पोहोचल्यास त्याची वार्ता त्वरित मिळावी आणि त्याचे निवारण सर्वमान्य कसोट्यांनी व्हावे, यासाठी राष्ट्राराष्ट्रांनी उभारलेल्या व्यवस्थेस अन्नदूषणनियंत्रणाचे आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणता येईल. या व्यवस्थेचा इतिहास सामान्यतः रोम, जिनीव्हा व ब्रूसेल्स येथील करार आणि ठराव यांच्या आधारे सांगितला जातो. हे ठराव ज्या मालास लागू होतात, तो माल मात्र कोठेतरी पिकतो, पकडला जातो किंवा वाळविला जातो. त्या ठिकाणाहून पाहिले असता हाच इतिहास बराच निराळा दिसतो. महाराष्ट्राच्या उत्तर टोकास, पालघर जिल्ह्यातील (२०१४ पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील) डहाणू व तलासरी या तालुक्यांचा किनारा हे असे एक ठिकाण होय. येथे वाळविल्या जाणाऱ्या बोंबील या मासळीवर यूरोपीय संघाने १९९७ मध्ये घातलेली बंदी आणि ती उठण्याची रीत, यांतून या सहकार्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात.

प्रारंभीचे सहकार्य : रोगराईच्या भीतीने मालाची वाहतूक रोखण्याचा अनुभव मुंबई बंदराला फार पूर्वीपासून आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा उद्रेक झाल्यावर यूरोपीय राष्ट्रांनी १८९७ च्या प्रारंभी व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरविली. साथीची वार्ता इतर राष्ट्रांना कळविण्याचे बंधन, जहाजांची तपासणी आणि कोणता माल संशयास्पद मानावा यांविषयीचे नियम तेथे ठरले. परिषद मुंबईमुळे भरली. नियम मात्र यूरोपच्या बंदरांचे रक्षण करण्यासाठी होते. पुढे १९०७ च्या करारान्वये पॅरिस येथे सार्वजनिक आरोग्याचे आंतरराष्ट्रीय कार्यालय स्थापन झाले. या काळात अन्नाचा विचार रोग वाहून नेणारी एक वस्तू एवढ्यापुरताच होत असे. अन्नातील विषे, बुरशी व रसायने यांची शास्त्रीय मापने हाती नसल्याने त्यांसंबंधी समान नियम करणे शक्यच नव्हते.

संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना (१९४५) आणि जागतिक आरोग्य संघटना (१९४८) यांच्या स्थापनेनंतर हे चित्र पालटले. या दोन संघटनांनी १९६१ ते १९६३ या काळात ‘कोडेक्स ॲलिमेंटेरियस’ या नावाने अन्नमानकांचा संयुक्त आयोग उभा केला. त्याचे पहिले अधिवेशन १९६३ मध्ये रोम येथे भरले. भारत १९६४ मध्ये त्याचा सदस्य झाला. निर्यात मालाच्या तपासणीसाठी भारताने १९६३ मध्ये स्वतंत्र कायदा करून पुढील वर्षी निर्यात निरीक्षण परिषद नेमली. कोडेक्सची मानके आरंभी शिफारशींच्या स्वरूपाची होती. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि तिच्या आरोग्य व वनस्पतिस्वास्थ्यविषयक कराराने या मानकांना आंतरराष्ट्रीय वादांत प्रमाण मानले. शास्त्रीय आधार असल्यास त्यांहून कडक नियम करण्याची मुभा सदस्य राष्ट्रांना आहे आणि श्रीमंत राष्ट्रांनी ती सढळपणे वापरली आहे.

बोंबील व वलांडी : बोंबील ही मासळी भारताच्या किनाऱ्यावर सर्वत्र सापडत नाही. तिचे मुख्य क्षेत्र गुजरात व उत्तर महाराष्ट्र हे असून बंगालच्या किनाऱ्यावरही ती आढळते. ताज्या बोंबलाच्या वजनात सु. ८५ ते ९० टक्के पाणी असते. मांस अतिशय मऊ असल्याने बर्फाची सोय नसलेल्या काळात तो पकडल्या दिवशीच खाणे किंवा वाळविणे, असे दोनच मार्ग होते. भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे तोंड करून बांधलेल्या पिशवीसारख्या डोल जाळ्यात तो सापडतो. चिंचणी, वरोर, वाढवण, धाकटी डहाणू, बोर्डी आणि तलासरी तालुक्यातील गुजरातच्या सीमेवरचे झाई या गावांत मासेमारी मुख्यत्वे मांगेला समाजाकडे आहे. समुद्रावर जाणे हे पुरुषांचे काम, तर किनाऱ्यावर आलेली मासळी निवडणे, धुणे, वाळविणे आणि विकणे ही कामे स्त्रियांची.

वाळविण्याची रीत साधी, परंतु अत्यंत विचारपूर्वक बेतलेली आहे. बांबू उभे करून त्यांवर आडव्या काठ्या किंवा दोर बांधतात. या मांडणीस वलांडी म्हणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरावर टांगतात. बोंबलाचे दात आत वळलेले असल्याने जोडी वाऱ्याने सुटत नाही. मिठाचा वापर बहुधा होत नाही. कोरडा वारा आणि ऊन मिळाल्यास काही दिवसांतच मासा काडीसारखा कडक होतो. मासळी जमिनीपासून उंच राहत असल्याने तिला वाळू लागत नाही आणि हवा चारही बाजूंनी खेळते. त्यामुळे वाळूवर पसरून सुकविलेल्या मासळीच्या तुलनेत वलांडीवरील बोंबील पुष्कळच स्वच्छ असतो. अर्थात माश्या, पक्ष्यांची विष्ठा, अवकाळी पावसाने धरणारी बुरशी आणि धुण्यासाठी वापरलेले खाडीचे पाणी हे धोके राहतातच. अनुभवी स्त्रिया ते ओळखून असतात. मात्र त्यांच्या या ज्ञानाची लेखी नोंद कोठेही होत नाही, आणि पुढे हीच गोष्ट अडचणीची ठरली.

सुक्या बोंबलाला दोन वाटा फुटतात. एक पूर्वेकडे जाते. डहाणू-तलासरीच्या डोंगराळ भागात वारली, कोकणा, दुबळा, धोडी इ. आदिवासी समाज राहतात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते आणि हाती पैसाही कमी असतो. अशा वेळी आठवडे बाजारातून घेतलेली सुकी मासळी हे त्यांच्या आहारातील प्रथिनांचे एक महत्त्वाचे साधन ठरते. दुसरी वाट मुंबईच्या घाऊक बाजारात आणि तेथून परदेशी जाते. ब्रिटिश अंमलात इंग्रजांना या मासळीची गोडी लागली आणि ‘बॉम्बे डक’ या नावाने ती इंग्लंडमध्ये ठाऊक झाली. आगगाडीच्या टपाल डब्यातून म्हणजे ‘बॉम्बे डाक’मधून ती जात असे, म्हणून हे नाव पडले, अशी एक लोकप्रिय व्युत्पत्ती सांगतात. परंतु १८५३ मध्ये मुंबईत आगगाडी सुरू होण्यापूर्वीच हा शब्द वापरात असल्यामुळे ती टिकत नाही.

कारखान्याची कसोटी : मासळीच्या व्यापाराला १९९० नंतर जे आंतरराष्ट्रीय नियम लागू झाले, त्यांचा उगम एका अगदी वेगळ्या क्षेत्रात आहे. अमेरिकेच्या अंतराळवीरांसाठी पूर्णतः निर्धोक अन्न तयार करताना १९६० च्या सुमारास एक पद्धती विकसित करण्यात आली. तयार माल तपासून खराब माल बाजूला काढण्याऐवजी तयारीचा प्रत्येक टप्पा तपासावा, धोका कोठे शिरू शकतो ते निश्चित करावे आणि त्या कळीच्या टप्प्यावर मापन व नोंद ठेवावी, हे तिचे सूत्र होय. ‘हॅसॅप’ या आद्याक्षरनामाने ती ओळखली जाते. कोडेक्स आयोगाने १९९३ मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. यूरोपीय समुदायाने जुलै १९९१ मध्येच मासळीच्या उत्पादनाविषयी आदेश काढून आयात मालासही समुदायातील मालाप्रमाणेच आरोग्यविषयक अटी लावल्या होत्या. निर्यात करणाऱ्या देशात सक्षम शासकीय यंत्रणा असावी आणि तिने मान्य केलेल्या कारखान्यांतूनच माल यावा, अशी ही रचना होती.

रचना तर्कशुद्ध होती. तिने रोगबाधा कमी केली, याविषयी दुमत नाही. परंतु तिने गृहीत धरलेले ‘उत्पादनस्थळ’ म्हणजे चार भिंती, फरशी, नळाचे पाणी, तापमापक आणि नोंदवही असलेली इमारत होय. वलांडीला भिंतच नसते.

१९९७ ची बंदी : भारतातून गेलेल्या मासळीत, विशेषतः गोठविलेल्या कोळंबीत, साल्मोनेला जंतू आढळण्याच्या तक्रारी वाढल्यावर यूरोपीय निरीक्षकांनी भारतातील प्रक्रिया कारखान्यांची पाहणी केली. कारखान्यांची स्वच्छता आणि शासकीय देखरेख या दोन्ही बाबतींत त्यांना गंभीर उणिवा आढळल्या. ऑगस्ट १९९७ मध्ये यूरोपीय आयोगाने भारतीय मासळीच्या आयातीस मनाई केली. बांगला देश व मादागास्कर यांच्यावरही त्याच सुमारास अशीच बंदी आली. गोठविलेल्या मालाच्या बाबतीत या आपत्तीचा परिणाम एका अर्थाने इष्ट झाला. निर्यात निरीक्षण परिषदेच्या देखरेखीची फेररचना झाली, कारखान्यांनी मोठा खर्च करून यंत्रणा सुधारली आणि १९९७ च्या अखेरीपासून मान्यताप्राप्त कारखान्यांना टप्प्याटप्प्याने वाट मोकळी झाली.

बोंबलाची गोष्ट निराळी होती. सुक्या बोंबलामुळे विषबाधा झाल्याची नोंद ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळांकडे नव्हती. या मालाविरुद्ध आरोग्यविषयक पुरावा नसल्याचे यूरोपीय आयोगानेही मान्य केले. तरीही बंदी लागू राहिली. कारण भारतातून मासळी घ्यावयाची ती केवळ मान्यताप्राप्त गोठवण व डबाबंदीच्या कारखान्यांतून, असा नियम होता आणि बोंबील कारखान्यात तयार होतच नव्हता. दोष मालात सापडला नव्हता; मालाला नियमात जागा नव्हती. ब्रिटनमध्ये होणारा खप बंदीपूर्वी वर्षाला सु. १३ टन होता. भारताच्या एकूण मत्स्यनिर्यातीच्या मानाने हा आकडा इतका किरकोळ होता, की त्यासाठी एरवी कोणी शब्दही खर्च केला नसता.

तो खर्च झाला याचे श्रेय मुख्यतः ब्रिटनमधील खवय्यांना द्यावे लागते. तेथे ‘बोंबील वाचवा’ अशी मोहीमच सुरू झाली. भारताच्या लंडनमधील उच्चायुक्तालयाने यूरोपीय आयोगापाशी हा प्रश्न मांडला. अखेर नियमात फेरफार झाला : बोंबील पूर्वीप्रमाणेच उघड्या हवेत वाळवावा, मात्र त्याची बांधणी यूरोपीय आयोगाने मान्य केलेल्या केंद्रातच व्हावी. बर्मिंगहॅम येथील एका घाऊक व्यापाऱ्याने मुंबईत असे बांधणीकेंद्र शोधून काढले आणि माल पुन्हा ब्रिटनमध्ये मिळू लागला.

या तोडग्याचे महत्त्व त्याच्या आकाराहून मोठे आहे. आंतरराष्ट्रीय करारांत ‘समतुल्यता’ नावाचे एक तत्त्व आहे. रीत वेगळी असली, तरी तिने साधणारी सुरक्षितता तितकीच असल्यास ती मान्य करावी, असा त्याचा आशय असून १९९५ च्या करारात ते नमूद आहे. प्रत्यक्षात ते फार थोड्या वेळा वापरले जाते. बोंबलाच्या प्रकरणात तत्त्वाचे नाव न घेता त्याचा आशय अर्धा मान्य झाला. अर्धा अशासाठी, की वलांडीची स्वच्छता कशी मोजावी, उत्तम वाळवणाच्या खुणा कोणत्या, हे ठरविण्याचा प्रयत्न झाला नाही. तपासणीची रेषा केवळ किनाऱ्यावरून शहरातील केंद्रावर सरकविण्यात आली. परिणामी नियंत्रण आणि त्यासोबत येणारी किंमत ही दोन्ही त्या केंद्रापाशी राहिली. घाऊक बाजारात एकत्र झालेल्या मालातील कोणती जोडी कोणत्या गावच्या वलांडीवरची, हे पुढे सांगता येत नाही. त्यामुळे चांगले वाळवण करणाऱ्या स्त्रीला त्याचा वेगळा मोबदला मिळण्याचे कारणही उरत नाही. समुद्रापासून ताटापर्यंत मालाचा माग ठेवावा ही आंतरराष्ट्रीय अपेक्षा जिथून सुरू व्हावयास हवी, तेथेच ती थांबते.

सीमा न ओलांडणारे अन्न : वर उल्लेखिलेली पूर्वेकडील वाट कोणत्याही आंतरराष्ट्रीय यंत्रणेच्या कक्षेत येत नाही. त्या वाटेवरच्या माणसांना कोणता धोका संभवतो याची कल्पना गुजरात व राजस्थान यांच्या सीमेवरील आदिवासी पट्ट्यात १९७४ मध्ये घडलेल्या घटनेवरून येते. तिची पार्श्वभूमी इंग्लंडमधील आहे. तेथे १९६० मध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एकाएकी मेले. त्यांना दिलेल्या ब्राझीलच्या भुईमूग पेंडीतील बुरशीत एक तीव्र विष सापडले व त्यास अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. पुढील काही वर्षांत या विषाची मापनपद्धती सिद्ध झाली आणि श्रीमंत देशांनी आयात मालावर मर्यादा घातल्या. १९७४ च्या शरद ऋतूत राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांतील सु. २०० खेड्यांत कावीळ व जलोदर यांची साथ उसळली. ३९७ जणांना बाधा झाली आणि १०६ जण दगावले. बहुतेक रुग्ण भिल्ल समाजातील होते. घरातील उष्टे खाणारी कुत्रीही मरत होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा कापणीच्या सुमारास पडलेल्या अवकाळी पावसाने भिजलेल्या व नीट न वाळता साठविलेल्या मक्यात अफ्लाटॉक्सिन आढळले. रुग्ण दररोज अंदाजे २ ते ६ मिग्रॅ. विष पोटात घेत होते, असे अनुमान निघाले. दुसरे धान्य घरात नसल्याने बुरसलेला मका टाकून देणे त्यांना परवडणारे नव्हते.

या शोधाचा वृत्तांत १९७५ मध्ये लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि अफ्लाटॉक्सिनाच्या तीव्र मानवी विषबाधेचा एक प्रमुख पुरावा म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहित्यात तो आधारभूत ठरला. कोडेक्स आयोगाने पुढे प्रक्रियेसाठीच्या भुईमुगात एकूण अफ्लाटॉक्सिनाची कमाल मर्यादा प्रतिकिग्रॅ. १५ मायक्रोग्रॅम अशी ठरविली; थेट खाण्याच्या भुईमुगासाठी यूरोपीय संघाची मर्यादा ४ मायक्रोग्रॅम आहे. भिल्लांच्या घरांतून मिळालेले ज्ञान अशा रीतीने जगाच्या व्यापाराला उपयोगी पडले. उलट दिशेने, म्हणजे मर्यादा ठरल्यावर ती त्या घरांतील कणगीपर्यंत नेण्याची तशी कोणतीही आंतरराष्ट्रीय यंत्रणा निर्माण झालेली नाही. ते काम सर्वस्वी त्या त्या देशाच्या शासनाचे मानले जाते.

आणीबाणीची वार्तायंत्रणा : दूषित अन्नाची बातमी वेळेवर पोहोचावी यासाठी यूरोपात १९७९ पासून शीघ्र इशारा यंत्रणा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने अन्न व शेती संघटनेच्या सहकार्याने २००४ मध्ये ‘इन्फोसान’ हे जगव्यापी जाळे उभारले. भारताकडून अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरण त्यात संपर्काचे काम पाहते. २००५ मध्ये सुधारलेले आणि १५ जून २००७ रोजी अमलात आलेले आंतरराष्ट्रीय आरोग्य विनियम केवळ साथीच्या रोगांपुरते नसून अन्नदूषणालाही लागू होतात. चीनमध्ये दुधाच्या भुकटीत मेलामीन मिसळल्याचे २००८ मध्ये उघडकीस आले, तेव्हा ही यंत्रणा मोठ्या प्रमाणावर कसोटीस लागली. भारताने त्याच वर्षी सप्टेंबरात चिनी दूध व दुग्धजन्य पदार्थांची आयात थांबविली. देशांतर्गत व्यापारातही असाच प्रसंग येतो. मासळीत फॉर्मालिन असल्याच्या संशयावरून गोव्याने जुलै २०१८ मध्ये परराज्यांतील मासळी काही काळ रोखली आणि नंतर शीतवाहने व नोंदणी यांची अट घातली. छोट्या टेंपोतून माल नेणाऱ्या सिंधुदुर्गातील विक्रेत्यांची त्यामुळे कोंडी झाली. तीही एक प्रकारे वलांडीचीच अडचण होती.

अलीकडील घडामोडी : डहाणूच्या दुसऱ्या प्रसिद्ध मालालाही बांधणीकेंद्राचाच दरवाजा ओलांडावा लागला. घोलवड परिसरातील कॅल्शियमयुक्त जमिनीत होणाऱ्या चिकूला ‘डहाणू घोलवड चिकू’ या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले असून ते महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाच्या नावे आहे. जून २०२१ मध्ये या मानांकित चिकूची खेप ब्रिटनला रवाना झाली. तिची प्रतवारी व बांधणी गुजरातमधील तापी येथील नोंदणीकृत केंद्रात झाली. चिकूचे नाव मात्र गावासह परदेशी पोहोचले. बोंबलाला तसे गाव अद्याप मिळालेले नाही.

बांधणीकेंद्रातील तपासणी मासळीचा नमुना पाहते. ती ज्या पाण्यातून आली ते पाणी पाहत नाही. केंद्र शासनाने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक घोषित केला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये तेथे न्या. चं. शं. धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमण्यात आले. त्यामुळे रासायनिक कारखान्यांची वाढ या तालुक्यात रोखली गेली. परंतु दक्षिणेस लागूनच असलेल्या तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी खाड्या व समुद्र यांत जात राहिले आणि सागरी प्रवाहांना तालुक्याची हद्द नसते. या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागणारी संस्था म्हणजे अखिल भारतीय मांगेला समाज परिषद होय. न्यायाधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये दोषी कारखान्यांनी भरपाई द्यावी असा आदेश दिला. ज्या समाजाच्या वलांडीला यूरोपच्या नियमांत जागा मिळाली नव्हती, त्यानेच अन्नदूषणाच्या उगमाकडे न्यायसंस्थेचे लक्ष वेधले, ही गोष्ट या इतिहासात नोंदवावी लागते. झाई ते चिंचणी या पट्ट्यातील वलांड्या पावसाळा संपल्यावर आजही उभ्या राहतात. त्यांवरच्या मालाची मुंबईपूर्वीची तपासणी वाळविणाऱ्या स्त्रियांच्या हाताने आणि नाकानेच होते.